पेशावरची पंगत

कराचीच्या धक्क्यावर तुम्ही उतरता तेव्हा दुपार टळून गेलेली असते. साल १९८४च्या सुमाराचं. दमट हवेनं सदरा पाठीला चिकटतो. वाऱ्याबरोबर डिझेलचा आणि मासळीचा वास येतो, आपल्या ससून डॉकवर येतो तसाच. क्रेनच्या साखळीला लटकलेली लाकडी खोकी एकामागून एक खाली येताहेत. तुमच्या हातात मुकादमाची वही आहे, त्यामुळे कुणी तुमच्याकडे वळूनही पाहत नाही. बंदरात वहीवाल्या माणसाला कोण काय विचारणार?

एक खोकं जरा जोरातच आपटतं. फळी उचकटते आणि काडतुसं फरशीवर घरंगळतात. हमाल शिव्या घालत ती गोळा करायला लागतात. तुम्हीही वाकून एक उचलता. थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस, पितळी, बोटाएवढं. त्याचं बूड उजेडाकडे धरता आणि थबकता. बारीक ठशात तीन अक्षरं आहेत : पीओएफ. पाकिस्तान ऑर्डनन्स फॅक्टरीज. कारखाना इथलाच, रावळपिंडीजवळच्या वाहचा.

कागदोपत्री हा माल परदेशातून आलाय. पैसे मोजलेत अमेरिकेच्या सीआयएनं. काडतुसं तीन कोटी. प्रत्यक्षात काय झालं, तर एका पाकिस्तानी दलालानं पाकिस्तानी लष्कराचाच जुना साठा अमेरिकनांना विकला, जहाज कराचीहून भरून निघालं, समुद्रात जरा फेरफटका मारून पुन्हा कराचीलाच लागलं. ब्रिगेडियर मोहम्मद युसूफ यांनी हा किस्सा पुढे स्वतःच्या पुस्तकात लिहिलाय. १९८३ ते १९८७ या काळात ते आयएसआयच्या अफगाण विभागाचे प्रमुख होते, म्हणजे हा माल त्यांच्याच गोदामात जाणार होता. दलालानं हात मारला याचा त्यांना राग आलाच, पण खरी डोकेदुखी निराळी होती. ठसा असलेलं एकही काडतूस सरहद्दीपलीकडे पाठवता येत नव्हतं. अफगाणिस्तानातल्या युद्धाशी आमचा काडीचा संबंध नाही, असं पाकिस्तान जगाला सांगत होता. तेव्हा आता बसा खरवडत.

वही काखेत मारा आणि थोडं मागे चला. हा लपाछपीचा खेळ कुठून सुरू झाला ते पाहायला हवं.

तारीख ३ जुलै १९७९. वॉशिंग्टनमध्ये जिमी कार्टर एका कागदावर सही करतात. काबूलच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उठलेल्यांना गुपचूप मदत द्यायची. बंदुका नाहीत, पैसा, औषधं, रेडिओ, प्रचार. रक्कम पाच लाख डॉलरांहून थोडी अधिक, म्हणजे वॉशिंग्टनच्या हिशोबात चिल्लर. सोव्हिएत रणगाडे अजून आलेले नाहीत. ते येतात डिसेंबरच्या शेवटी. २७ डिसेंबरच्या रात्री ताजबेग महालात काबूलचा सत्ताधीश हफिजुल्ला अमीन मारला जातो आणि बबराक कारमालला गादीवर बसवलं जातं. त्यानंतर दोनच आठवड्यांत, जानेवारी १९८० मध्ये, पहिल्या बंदुका पाकिस्तानात पोचतात.

आणि कोणत्या बंदुका? ली-एनफिल्ड. पहिल्या महायुद्धातली बोल्ट ओढायची रायफल, जिला आपल्याकडे पोलीस अजून थ्री-नॉट-थ्रीच म्हणतात. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटीवर आपल्या काही शिपायांच्या हातात हीच होती, आणि समोर कलाश्निकोव्ह. अमेरिकनांनी ही जुनी हत्यारं मुद्दाम निवडली. अमेरिकी बनावटीचं काहीच दिसता कामा नये. सापडलं तर ते इंग्रजांच्या काळापासून पठाणांच्या घरात असलेलं वाटावं, नाहीतर रशियनांकडूनच हिसकावलेलं. जगभरचा भंगार बाजार त्यासाठी पालथा घातला गेला. अमेरिकी पत्रकार स्टीव्ह कोल यांच्या नोंदीनुसार त्यातला काही माल ग्रीसकडून आला आणि काही चक्क भारताकडून. आपलं सरकार तेव्हा मॉस्कोचं मित्र. संयुक्त राष्ट्रांत सोव्हिएत फौजांचा निषेध करायलाही त्यानं नकार दिलेला. आपल्या जुन्या रायफली मात्र सोव्हिएत सैनिकांवर रोखल्या गेल्या. शस्त्रबाजाराला परराष्ट्र धोरण वगैरे नसतं.

पुढे कलाश्निकोव्ह आल्या, त्या चीनच्या आणि इजिप्तच्या. चिनी माल वेळेवर आणि चोख यायचा, इजिप्तचा गंजलेला. तुर्कस्तानानं पाठवलेल्या साठ हजार रायफलींबद्दल युसूफ यांनी लिहिलेलं वाचलं की त्यांचा कपाळाला गेलेला हात दिसतो : चाळिसाच्या दशकातला माल, बहुतेक निकामी. दान म्हणून आलेलं, परत कसं करणार?

आता पुन्हा पुढे या. वर्ष १९८६, उन्हाळा संपत आलाय. कराचीहून मालगाडी उत्तरेला निघते आणि तुम्ही तिच्याबरोबर रावळपिंडीला पोचता. शहराच्या उत्तर अंगाला, इस्लामाबादकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ओझरी छावणी आहे. नाव ऐकून तुम्ही क्षणभर नाशिकच्या बाजूला जाऊन येता, पण ही ओझरी वेगळी. कुंपण, पहारा, लांबच लांब गोदामं. भोवताली दाट वस्ती, शाळा, दुकानं. या गोदामांतून त्या काळी वर्षाकाठी हजारो टन दारूगोळा जातो. युसूफ यांचा आकडा असा : १९८३ मध्ये दहा हजार टन, १९८७ मध्ये पासष्ट हजार टन.

पैसा कुठून येतो, ते एका दमात सांगून टाकतो. टेक्सासचे खासदार चार्ली विल्सन संसदेच्या समितीत बसून तरतूद वाढवून घेतात. सीआयएचे प्रमुख विल्यम केसी काळोख पडल्यावर आपल्या विमानातून इस्लामाबादला उतरतात. मार्च १९८५ मध्ये रेगन नव्या आदेशावर सही करतात : आता नुसतं सतावायचं नाही, सोव्हिएत फौजेला बाहेर काढायचं. १९८४ मध्ये वीस कोटी डॉलर होते, १९८७ मध्ये त्रेसष्ट कोटी. शिवाय सौदी गुप्तहेर खात्याचे प्रमुख तुर्की अल-फैसल यांनी १९८० मध्येच शब्द दिलेला : तुमच्या प्रत्येक डॉलरमागे आमचा एक.

एवढं सगळं असूनही ओझरीच्या फाटकातून आत आल्यावर तुम्हाला अमेरिकन माणूस शोधूनच काढावा लागतो. ही पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झिया यांची अट. पैसा द्या, माल द्या, उपग्रहानं काढलेले नकाशे द्या. पण मुजाहिदांना, म्हणजे लढणाऱ्या अफगाणांना, प्रशिक्षण आम्ही देऊ, कुणाला काय द्यायचं ते आम्ही ठरवू. आयएसआयचे प्रमुख अख्तर अब्दुर रहमान ही अट डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. अमेरिकन प्रशिक्षक पाकिस्तानी अधिकाऱ्यांना शिकवणार, पाकिस्तानी अधिकारी अफगाणांना. सीआयएचा माणूस पाहणीला आला तर पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच जायचा. झिया यांना आणखी एक काळजी आहे. आच फार वाढवली आणि रशियन चिडून पाकिस्तानातच घुसले तर? म्हणून पाणी किती उकळू द्यायचं, यावर त्यांची स्वतःची नजर आहे.

रात्री ट्रकांचा ताफा निघतो. नंबरप्लेट बदललेल्या, ताडपत्र्या घट्ट आवळलेल्या. तुम्ही चालकाशेजारी बसता. अटकचा पूल ओलांडताना खाली सिंधू काळीशार दिसते. राघोबादादांच्या फौजेचे घोडे १७५८ मध्ये इथपर्यंत पोचले होते हे तुम्हाला आठवतं. चालकाला ते सांगायच्या भानगडीत पडू नका. पहाटे पेशावर.

पेशावरला दोन-चार दिवस राहायलाच हवं. तुमचं हिंदी सिनेमावर पोसलेलं असल्यानं इथे उर्दू म्हणून खपून जातं, आणि सिनेमाचं म्हणाल तर देवळालीच्या शाळेत शिकलेल्या दिलीपकुमारचा जन्म इथलाच, किस्सा ख्वानी बाजारामागच्या मोहल्ल्यातला. त्या बाजारात सकाळी हिरवा कहवा प्यायला बसलात की सगळं युद्ध समोरून चालत जातं. कुबड्यांवरची पोरं. आखूड दाढीचे अरब, नवे कोरे बूट घातलेले. अब्दुल्ला अज्जाम यांनी १९८४ मध्ये इथे थाटलेल्या कचेरीचे पाहुणे. ओसामा बिन लादेन नावाचा एक सौदी श्रीमंतपुत्रही त्या कचेरीला पैसा पुरवतो आहे. (सीआयएनं त्याला थेट पगार दिला, असं लोक छातीठोकपणे सांगतात, तसा पुरावा नाही. त्याला अमेरिकन पैशाची गरजच नव्हती.) गोरे पत्रकार, स्वित्झर्लंडच्या परिचारिका, आणि प्रत्येक नाक्यावर कुणाचा ना कुणाचा हेर. काबूलच्या 'खाद'चे लोकही इथेच फिरतात, अधूनमधून बाजारात बॉम्ब ठेवतात.

शहराबाहेर मातीच्या झोपड्या आणि तंबू क्षितिजापर्यंत. पाकिस्तानात तीस लाखांच्या आसपास अफगाण निर्वासित आहेत, आणि रेशनसाठी त्यांना कुठल्या तरी पक्षाचं कार्ड जवळ बाळगणं सोयीचं पडतं.

हा पक्ष काय प्रकार आहे, ते कळलं की पुढचं सगळं कळतं. अफगाणिस्तानात लढणाऱ्या टोळ्या शेकड्यांनी. आयएसआय शेकडो लोकांशी कसा व्यवहार करणार? तिनं सात पक्षांना मान्यता दिली : हेकमतयार, रब्बानी, सय्याफ, खालिस, नबी मोहम्मदी, गिलानी, मुजद्दिदी. साती पुढाऱ्यांच्या कचेऱ्या पेशावरात. माल मिळेल तो फक्त या सातांना, आणि त्यांच्यामार्फत आत लढणाऱ्या कुमांदानांना, म्हणजे टोळ्यांच्या म्होरक्यांना. तुम्ही कितीही शूर असा, तुमच्या खोऱ्यात कितीही रणगाडे जाळा. सातांपैकी एकाचा शिक्का कपाळावर मारून घेतल्याशिवाय एक गोळी मिळणार नाही.

अशा एका कचेरीच्या अंगणात जाऊन बसा. भिंतीला टेकून लोगरहून आलेला एक कुमांदान बसलाय, पन्नाशीचा, पगडी धुळीनं मातकट झालेली. पंधरा रात्री चालून आलाय. चौकशी करायला गेलात की तो आधी तुम्हाला चहा विचारतो, मग स्वतःची गोष्ट सांगतो. माणसं एकशे ऐंशी आहेत, बंदुका साठ. शुरवींची (सोव्हिएतांना अफगाण शुरवी म्हणतात) एक चौकी त्याला उडवायची आहे, त्यासाठी दोन उखळी तोफा आणि एक दशाका हवी. दशाका म्हणजे बारा पूर्णांक सात मिलिमीटरची जड मशीनगन. आत बोलावणं येतं. टेबलामागचा तरुण मुन्शी वही उघडतो. त्याच्या नखांना शाई लागलेली, बोलणं पेशावरच्या कॉलेजातलं. गाव, जिल्हा, माणसं, मागच्या वेळी दिलेल्या मालाचं काय केलं, कुणाच्या नावावर. शेवटी तो एक चिठ्ठी फाडून देतो. पंधरा कलाश्निकोव्ह, एक उखळी तोफ. दशाका नाही. कुमांदान चिठ्ठी उलटसुलट पाहतो, कारण त्याला वाचता येत नाही, आणि पगडीच्या घडीत खोचतो. दशाका मागायला तो दुसऱ्या पक्षाकडे जाणार हे मुन्शीलाही माहीत आहे. तेव्हा कार्ड बदलावं लागेल, एवढंच.

आपल्याकडे म्हणतात, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं. इथे धान्य अमेरिकन करदात्याचं, तूप रियाधचं, भांडी चिनी. पळी मात्र आयएसआयच्या हातात. गुलबुद्दीन हेकमतयार तिच्या अगदी ओळखीचा. सत्तरच्या दशकात तो काबूलहून पळून आला तेव्हापासून पाकिस्ताननं त्याला पोसलं. कडवा, शिस्तशीर, पैशाला चोख आणि निर्दय. सोव्हिएतांइतकाच तो इतर मुजाहिदांशीही लढतो. त्याला मोठा वाटा जातो ही तक्रार तेव्हाच सुरू झालेली. युसूफ ती फेटाळतात. १९८७ ची वाटणी देताना ते सांगतात : हेकमतयारला अठरा ते वीस टक्के, मुजद्दिदींना तीन ते पाच, आम्ही लढण्याची कुवत पाहून दिलं. बाहेरच्या बऱ्याच निरीक्षकांना हेकमतयारचा वाटा याहून कितीतरी मोठा वाटला. मला आकड्यांच्या भांडणात फारसा रस नाही. कुवत कुणाची हे ठरवणारा आणि माल वाटणारा एकच असेल, तर त्याची बेरीज नेहमी बरोबरच येणार.

आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पंजशीरच्या खोऱ्यात अहमद शाह मसूद बसलाय. ताजिक, फारसी बोलणारा, पेशावरला न येणारा. सोव्हिएत फौजेनं त्याच्या खोऱ्यावर एकामागून एक मोहिमा काढल्या आणि तो टिकला. १९८३ मध्ये त्यानं सोव्हिएतांशी काही काळापुरता तह केला, तेव्हा आयएसआयला तो आणखीच नावडता झाला. रब्बानींच्या पक्षाचा म्हणून त्याच्या नावावर जे निघेल ते, आणि त्यातलं वाटेत जे उरेल ते.

वाटेत किती उरतं ते तेरी मंगलला जाऊन बघा. पाराचिनारच्या पुढे, पाकिस्तानची चोच अफगाणिस्तानात घुसलीय त्या जागी हे गाव. काबूल इथून सर्वांत जवळ. ट्रकचा रस्ता संपतो आणि खेचरांचा सुरू होतो. गाव म्हणजे चिखल, लीद, पत्र्याची दुकानं आणि कबाबाचा धूर. भाडं वजनावर ठरतं. एका खेचरवाल्याशेजारी उभे राहा. तो दोन्ही बाजूंना तोफगोळ्यांची एकेक पेटी चढवतो, दोर पोटाखालून घेऊन गुडघा टेकून आवळतो, मग दोन बोटं दोराखाली सरकवून पाहतो. बोटं सहज गेली तर दोर पुन्हा सोडतो. घाटात पेटी सरकली की खेचर दरीत जातं, आणि खेचर त्याचं स्वतःचं आहे. उत्तरेला मझार-ए-शरीफच्या बाजूला माल न्यायचा तर किलोमागे पंधरा-वीस डॉलर पडतात, असा युसूफ यांचा हिशोब. म्हणून माल तिथवर पोचता पोचता थोडा भाड्यात विकला जातो, थोडा वाटेतल्या खानाला जकात म्हणून जातो, थोडा सरळ बाजारात.

मार्च १९८७ मध्ये काबूलच्या विमानांनी या गावावर बॉम्ब टाकले. त्याआधी तुम्ही निघालेलं बरं.

कारण तुम्हाला सप्टेंबर १९८६ च्या अखेरीस जलालाबादला असायचंय.

विमानं आणि हेलिकॉप्टरं हाच मुजाहिदांचा खरा काळ. एमआय-२४ हे चिलखती हेलिकॉप्टर खोऱ्यात उतरलं की थ्री-नॉट-थ्री काय आणि कलाश्निकोव्ह काय. आधी बरेच उपाय करून झाले. सोव्हिएत बनावटीची एसए-७ क्षेपणास्त्रं भरवशाची निघाली नाहीत. स्विस ऑर्लिकॉन तोफेचा चार्ली विल्सनना भलता सोस; ती डोंगरावर चढवायला खेचरांचा तांडा लागे. ब्रिटिशांचं ब्लोपाइप डागल्यावर शेवटपर्यंत अंगठ्यानं दिशा देत उभं राहावं लागे, आणि तेवढ्यात समोरचा पायलट काही गप्प बसत नसे. शेवटी बऱ्याच वादावादीनंतर वॉशिंग्टननं स्वतःचं स्टिंगर क्षेपणास्त्र द्यायचं ठरवलं. अमेरिकी हत्यार दिसता कामा नये हा नियम त्या दिवशी मोडला. पाकिस्तानी प्रशिक्षक अमेरिकेत शिकून आले, ओझरीत सिम्युलेटर लागले, आणि निवडक अफगाण तिथे शिकले.

म्हणून आता तुम्ही जलालाबाद विमानतळापासून मैल-दीड मैलावरच्या झुडपांत पालथे पडला आहात. बरोबर पस्तीसेक माणसं. म्होरक्या इंजिनिअर गफ्फार, हेकमतयारच्या पक्षाचा. वाढप्याची ओळख इथेही दिसतेच. दुपार कलतीय. जमीन तापलेली, कोपरांना खडे रुततायत. तीन तास कुणी पाणी मागितलेलं नाही. तीन नेमबाज हाकेच्या अंतरावर त्रिकोणात बसलेत. त्यातला एक तुमच्या डाव्या हाताला. नळी खांद्यावर घेतली की वजन पंधरा किलोंच्या वर. तोवर तो ती मांडीवर आडवी ठेवून तिच्यावरची धूळ पदरानं पुसत राहतो.

मग घरघर. आधी जमिनीतून आल्यासारखी, नंतर डोक्यावर. हेलिकॉप्टरं उतरायच्या तयारीत रांगेनं येताहेत. नेमबाज उठून एका गुडघ्यावर येतो, मुठीत बॅटरी बसवून पिळतो. आता त्याच्याकडे पाऊण मिनिट, तेवढंच बॅटरीचं आयुष्य. तो नळी हेलिकॉप्टरच्या इंजिनाकडे वळवतो आणि कानाशी बारीक गुणगुण सुरू होते. यंत्राला उष्णता सापडली की ती गुणगुण चढते, ठाम होते. तो अल्लाहू अकबर ओरडतो आणि चाप ओढतो.

एक क्षेपणास्त्र न पेटताच पुढे जाऊन खडकात पडतं. पण बाकीची जातात. आकाशात एक हेलिकॉप्टर तुकड्यांत उडतं, मग दुसरं. युसूफ यांच्या हिशोबानं पाच डागली, तीन पाडली. सोबतच्या माणसाला व्हिडिओ कॅमेरा दिलेला आहे. तो आनंदानं एवढ्या उड्या मारतो की फितीवर आभाळ, झुडपं, पाय आणि पुन्हा आभाळ असा गोंधळ उमटतो. शेवटी तो अवशेषांजवळ पोचतो. तिथे सोव्हिएत वैमानिकांच्या प्रेतांवर एक जण गोळ्या झाडत सुटलाय. तेही फितीत आहे. ती फीत वॉशिंग्टनला गेली आणि राष्ट्राध्यक्षांना दाखवली गेली. तुम्हाला ती तिथल्या पडद्यावर बघायची गरज नाही. तुम्हाला इथला जळका वास येतोय.

गफ्फार सगळ्यात आधी काय करतो, तर रिकाम्या नळ्या गोळा करायला सांगतो. आयएसआयचा नियम : वापरलेली नळी परत आणा, तरच नवं क्षेपणास्त्र.

स्टिंगरनं युद्ध जिंकलं, असं अमेरिकेत पुढे पुष्कळ जणांनी सांगितलं, त्यावर सिनेमेही निघाले. मॉस्कोची दप्तरं उघडल्यावर मात्र चित्र जरा वेगळं दिसतं. गोर्बाचेव्हनी ऑक्टोबर १९८५ मध्येच कारमालला समोर बसवून सांगितलं होतं की आमची फौज कायमची राहणार नाही. पॉलिटब्यूरोनं नोव्हेंबर १९८६ मध्ये दोन वर्षांत बाहेर पडायचं ठरवलं, तेव्हा स्टिंगर येऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. वैमानिक त्यानंतर उंचावरून उडायला लागले, रात्री उडायला लागले, जमिनीवरच्या सैनिकांना मिळणारं छत्र पातळ झालं. हा फरक खराच होता. पण लाख-सव्वा लाखाची फौज सात वर्षं ज्या देशात ठेवूनही रस्ते ताब्यात येत नाहीत, तिथून निघण्याचं कारण एका नळीत शोधणं मला पटत नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात गेलेल्यांची स्मृती जपलेली आहे. त्या वेळी कुणी स्टिंगर दिलं नव्हतं.

आणखी एकदा ओझरीला या. १० एप्रिल १९८८, रविवार; पण पाकिस्तानात सुटी शुक्रवारची, म्हणून शाळा-कचेऱ्या भरलेल्या. सकाळी गोदामात आग लागते आणि मग सगळा साठा पेटतो. रॉकेटं दिशा न बघता सुटतात, रावळपिंडीत आणि इस्लामाबादेत घरांवर, रस्त्यांवर, मोटारींवर पडतात. केंद्रीय मंत्री राहिलेले खाकान अब्बासी आपल्या गाडीतच मारले जातात. शंभराच्या आसपास मृत्यू, हजारावर जखमी. दाट वस्तीत दारूगोळा कुणी ठेवला, या प्रश्नाचं उत्तर पंतप्रधान जुनेजो शोधायला लागले, आणि मे महिना संपायच्या आत झियांनी त्यांना घरी बसवलं. स्फोटानंतर चारच दिवसांनी, १४ एप्रिलला, जिनिव्हात सोव्हिएत माघारीच्या करारावर सह्या झाल्या होत्या. ऑगस्टमध्ये झिया आणि अख्तर एकाच विमान अपघातात गेले. १५ फेब्रुवारी १९८९ ला सोव्हिएत फौजेचा जनरल ग्रोमोव्ह तेर्मेझच्या पुलावरून चालत परत गेला. इस्लामाबादहून सीआयएच्या ठाण्यानं मुख्यालयाला दोन शब्दांची तार केली : आम्ही जिंकलो.

सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक मेले होते. अफगाण किती, याचे अंदाज दहा लाखांच्या घरात जातात.

तुम्ही लगेच परतू नका. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी दोन्ही बाजूंची मदत १ जानेवारी १९९२ पासून बंद करायचं ठरवलं. एप्रिलमध्ये काबूलचा कम्युनिस्ट सत्ताधीश नजीबुल्ला पडला, मसूद काबूलमध्ये शिरला. ऑगस्टमध्ये तुम्ही काबूलच्या एखाद्या तळघरात असाल तर वरती रॉकेटं पडताना ऐकू येतील. ती सोव्हिएत नाहीत. शहराच्या दक्षिणेला चहार आसियाबजवळ बसून हेकमतयार ती टाकतोय. वर्षानुवर्षं साठवलेला माल. त्या एका महिन्यात काबूलमध्ये हजाराहून अधिक माणसं मेली.

शेवटचा मुक्काम सप्टेंबर १९९६, काबूलच. रात्रीचे बारा वाजून गेलेत. दिवे नाहीत, तालिबान शहराच्या उंबरठ्यावर आहे आणि महिना संपायच्या आत आत येणार आहे. एका खोलीत मसूद बसलाय, समोर सीआयएचे अधिकारी गॅरी श्रोएन. अमेरिकनांना आता एकच हवंय : उरलेली स्टिंगर परत. दोन हजारांच्या वर दिली होती, सहाशेच्या आसपास अजून बेपत्ता आहेत, आणि ती इराणच्या किंवा एखाद्या विमान पाडायला निघालेल्याच्या हाती लागण्याची भीती आहे. नगाला ऐंशी हजार ते दीड लाख डॉलर द्यायची तयारी आहे. तुमच्याकडे किती आहेत?

मसूद सांगतो, आठ. मिळालीच तेवढी होती, तीही अगदी शेवटी शेवटी. आठच्या आठ शिल्लक आहेत.

बाकीच्या क्षेपणास्त्रांची फेरखरेदी बहुतांशी आयएसआयमार्फत चालली होती. परत आलेल्या प्रत्येक नगामागे सीआयए तिला ठरलेलं कमिशन देत होती.